शेवटच्या दिवसाचे रेकॉर्ड जातात कुठे?

प्रश्न: डेटाबेसच्या टेबलमधून मार्चच्या एन्ट्री काढायच्या म्हणून मी १ मार्च ते ३१ मार्च असं बिटवीन (एसक्यूएलमधली 'इथपासून तिथपर्यंत' ही अट) लावलं, बाकी सगळं बरोबर येतं पण ३१ तारखेचं जवळपास काहीच येत नाही. डेटा तर आहे, मी स्वतः बघितलाय!

उत्तर: डेटा कुठे गेला नाहीये हो. तुमच्या कॉलममध्ये तारखेसोबत वेळ पण असणार, आणि नुसतं '२०२४-०३-३१' लिहिलं की डेटाबेस त्याचा अर्थ ३१ ची सुरुवात, म्हणजे ००:०० असा घेतो, मग सकाळी १०:१५ ची एन्ट्री साहजिकच बाहेर. बिटवीन सोडा, १ मार्च किंवा त्यानंतर आणि १ एप्रिलच्या आधी, अशा दोन अटी लावा, म्हणजे फेब्रुवारी २८ चा की २९ चा ही कटकट पण संपली. काही जण शेवटी २३:५९:५९ चिकटवतात, मला ते अजिबात पटत नाही, त्या शेवटच्या सेकंदातली, म्हणजे २३:५९:५९.५ ची एन्ट्री सुटतेच ना! आणि वेळ काढून नुसती तारीख उरावी म्हणून कॉलमलाच डेट फंक्शनमध्ये गुंडाळू नका, उत्तर बरोबर येईल पण बऱ्याचदा इंडेक्स (पटकन शोधण्यासाठी डेटाबेसने ठेवलेली सूची) वापरला जात नाही अन् मोठ्या टेबलवर क्वेरी रांगत बसते.