जुन्या शिराझची वाईन सपाट लागते? आधी पीएच विचारा

तुम्ही लिहिलंत: दिंडोरीकडच्या वीस वर्षांच्या शिराझची (रेड वाईनचं द्राक्ष) वाईन, टाकीत असेपर्यंत उत्तम, बॅरलमध्ये सहा महिन्यांत रंग विटकरी, चव सपाट आणि दोन बॅरलना तबेल्याचा वास; वेली जुन्या झाल्या म्हणून का? हे आमचंच जुनं दुखणं आहे, म्हणून लिहितोय. यीस्ट, तापमान, सालींचा थर दाबणं तुम्हाला येतं असं धरतो.

दोष वेलींना देऊ नका. तुम्ही एकूण आम्लता (सगळं आम्ल मिळून किती) दिलीत, पीएच (आम्लाचा जोर; आकडा कमी तितका जोर जास्त) दिलाच नाही. आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते हेच. एक प्रयोगशाळा (नाव घेत नाही) फक्त एकूण आम्लता कळवायची आणि सगळ्यांना सरसकट सांगायची, 'मुक्त सल्फर डायऑक्साइड ३० पीपीएम ठेवा.' (हे वाईन टिकवायचं रसायन; मुक्त म्हणजे वाईनमध्ये न बांधला गेलेला भाग, पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम.) पीएच विचारला तर म्हणे गरज नाही. गरज कशी नाही? जंतूंना आवरतो तो त्यातला रेणू-स्वरूपातला भाग, तो ०.६ पीपीएमच्या आसपास हवा आणि पीएच चढला की तो घटतो. पीएच ३.५ असेल तर त्यासाठी मुक्त ३० पुरतात, ३.८ ला जवळपास ६० लागतात. ३.८ च्या वाईनला ३० देणं म्हणजे ब्रेटला (तबेल्याचा वास आणणारं यीस्ट) मोकळं रान. पूर्ण फी घेऊन अर्धा रिपोर्ट देणाऱ्यांचा मला अजून संताप येतो.

दुसरी फसगत क्रशरच्या (द्राक्षं चिरडण्याच्या) दिवशी होते. गाळलेल्या रसाचा पीएच ३.५ दिसतो आणि आपण निर्धास्त. पण पालाश (पोटॅशियम) असतो सालीत. आंबताना तो उतरतो, टार्टारिकशी (द्राक्षातलं मुख्य आम्ल) जुळून खडे होऊन तळाला बसतो. वाईनचा पीएच आधीच ३.६ च्या वर असेल, तर खडे बसताना तो आणखी चढतो. मॅलोलॅक्टिक (जिवाणूंमुळे मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक होणं) त्यात भर घालतं. म्हणून साली आणि रस २४ तास थंड भिजवा, नीट ढवळा आणि मग मोजा. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) लावूनच. ३.६ च्या वर गेला तर यीस्टच्या आधीच टार्टारिक घाला. आधी एक लिटर रसावर एकेक ग्रॅमने चाचणी करा. ग्रॅममागे साधारण ०.१ उतरतो, पालाश जास्त असला तर त्याहून कमी. सगळं शेवटी घातलंत तर चव टोचते.

मेटाबायसल्फाइट (सल्फर डायऑक्साइड देणारी पावडर) मॅलोलॅक्टिक पूर्ण झाल्यावरच. २२५ लिटरच्या बॅरलला १२ ग्रॅमने साधारण ३० पीपीएम वाढतात, पण त्यातला काही भाग बांधला जातो, म्हणून आठवड्याने पुन्हा मोजा. (मी रसायनतज्ज्ञ नाही. कायद्याची कमाल मर्यादा तुम्हीच तपासा.)

बागेत खतं टेबल द्राक्षांच्या वेळापत्रकाने जात असतील तर ०:०:५० (पालाशाचं खत) आधी थांबवा. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे देठ तपासून घ्या आणि मगच पालाश ठरवा.

जाता जाता, लेबलवर 'जुन्या वेली' लिहायची घाई नको असं माझं मत. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा या वाईन-भागाच्या सनदेत जुनी म्हणायला किमान ३५ वर्षं लागतात. लागवडीचं साल छापा, ते जास्त प्रामाणिक.

वासाची ती दोन बॅरल वेगळी ठेवा. त्यातली वाईन दुसऱ्या बॅरलची तूट भरायला चुकूनही वापरू नका, पाइप आणि नमुन्याची नळीसुद्धा वेगळी. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीने जंतू जातील, वास जाणार नाही. गरम पाण्याने लाकडाच्या आतलं ब्रेट पुरतं मरत नाही, तेव्हा ती बॅरल रेड वाईनसाठी पुन्हा भरू नका.