गाण्यांच्या पायरसीनं कलाकारांचं खरंच नुकसान होतं का, की नुसत्या कंपन्याच बोंबलतात?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: "मोठे गायक करोडोंत खेळतात, मी एक गाणं फुकट उतरवलं तर त्यांचं काय कमी होणार?" काहीही कमी होणार नाही. मोठ्या गायकाची काळजी करू नका, त्याची काळजी घ्यायला वकील आहेत. पण गाण्यातला कलाकार म्हणजे कव्हरावर फोटो असलेला तेवढाच, असं धरून लोक बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. म्हणून लिहितोय.

मी कीबोर्ड वाजवतो. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ऑर्केस्ट्रा केले, स्टुडिओत शिफ्टा मारल्या, भक्तिगीतांना चाली दिल्या, अरेंजिंग केलं. आमच्याकडं गाण्याचे हंगाम असायचे. गणपतीच्या आधी एक, नवरात्राच्या आधी एक आणि सगळ्यात मोठा जोतिबाचा. माघातले खेटे, म्हणजे जोतिबाच्या रविवारच्या वाऱ्या, सुरू झाले की वाडी रत्नागिरीला देवाच्या डोंगरावर आधी कॅसेटचे आणि नंतर व्हीसीडीचे स्टॉल लागायचे, ते थेट चैत्र पौर्णिमेच्या यात्रेपर्यंत. लोक गुलालानं माखलेल्या हातांनी दोन-दोन व्हीसीडी उचलायचे, एक घरी आणि एक पाहुण्यांना. त्या दोन-तीन महिन्यांच्या विक्रीसाठी आम्ही दिवाळीनंतर लगेच रेकॉर्डिंगला लागायचो.

आमचा एक निर्माता होता. सगळे त्याला शेठ म्हणायचे. कंपनी म्हणायची, पण कंपनी म्हणजे तो, त्याचा पुतण्या आणि बाजारपेठेतलं एक दुकान. पैसा त्याचा स्वतःचा. स्टुडिओचं भाडं, गायक, ढोलकी, संबळ, हलगी, कोरसच्या दोन बायका, डोंगरावरचं शूटिंग, कव्हरांची छपाई, सगळं तो आधी घालायचा आणि यात्रेत काढायचा. आम्हाला शिफ्ट संपली की पाकीट. चालीचे वेगळे पैसे एकरकमी, आणि एका कागदावर सही: सर्व हक्क कायमचे दिले. रॉयल्टी वगैरे आम्ही फक्त पेपरात वाचायचो. शेठ संत नव्हता, पाकीट हलकं असायचं. पण पुढच्या हंगामात फोन यायचा.

२००९-१० च्या आसपास एका वर्षी आमच्या स्टॉलच्या चार पावलांवर एक पोरगं पोत्यावर एमपी३ सीडी घेऊन बसलेलं. पातळ प्लॅस्टिकची पिशवी, आत रंग फुटलेला झेरॉक्स कागद, त्यावर देवाचा फोटो आणि मागं मुंगीएवढ्या अक्षरात शंभर-दीडशे गाण्यांची यादी. त्यात आमची आठही होती, "चांगभलं"चं "चांगबल" करून. आमच्या एका व्हीसीडीच्या निम्म्या किमतीत अख्खा डोंगर. त्या यात्रेनंतर स्टॉलवाल्यांनी शेठकडं खोकीच्या खोकी परत पाठवली, कारण माल परत घेण्याच्या बोलीवरच दिलेला असायचा. पुढच्या वर्षी त्यानं आठऐवजी चार गाणी केली, तीही खऱ्या ढोलकीऐवजी माझ्या कीबोर्डवरच्या ऱ्हिदमवर. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच नाही. आता त्या दुकानात पूजेचं साहित्य मिळतं.

आता हिशोब बघा. त्या एमपी३ सीडीमुळं माझ्या खिशातून एक रुपया गेला नाही. मला विक्रीवर काही मिळतच नव्हतं, तर जाणार काय? ढोलकीवाल्याचंही तेच. पायरसीची बाजू घेणारे इथंच टाळी मागतात, की बघा, कलाकाराचं नुकसान शून्य, गेले ते कंपनीचे. पण खऱ्या ढोलकीचा पहिला बळी त्याच्या पुढच्याच हंगामात पडला. कोरसच्या त्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या, एका गाण्याला ठरावीक पैसे घ्यायच्या आणि एका टेकमध्ये गाणं द्यायच्या. त्यांना नंतर कोणी बोलावलंच नाही. आमचं नुकसान विकल्या गेलेल्या मालात झालंच नाही, जो माल पुढं निघालाच नाही त्यात झालं. ते कुठल्या आकडेवारीत मोजणार?

आणि मोजलं तर कोण काय म्हणतं तेही ऐका. गाण्यांच्या फाईली एकमेकांना फुकट द्यायची सोय करणारं नॅपस्टर १९९९ मध्ये आलं, २००१ मध्ये कोर्टानं बंद पाडलं, पण तोवर जगाला फुकटची सवय लागली होती. २००७ मध्ये ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांनी मांडलं की फाईल शेअरिंगचा अल्बमच्या विक्रीवर परिणाम जवळजवळ शून्य आहे. त्यावर दुसऱ्या अर्थतज्ज्ञांनी त्यांना धू धू धुतलं. तो वाद अजून चालू आहे. दोन्ही बाजू अमेरिकेतल्या अल्बमवर भांडत होत्या, जोतिबाच्या डोंगरावर मोजायला कोणी आलं नव्हतं. एवढं मात्र खरं की जगभरातला रेकॉर्डिंगचा धंदा पंधराएक वर्षं घसरत राहिला आणि २०१४ च्या सुमारास तळाला जाऊन मग स्ट्रीमिंगवर वर आला. २०२३ मध्ये तो २८६० कोटी डॉलरवर होता, त्यातला दोन तृतीयांश पैसा स्ट्रीमिंगचा. म्हणजे धंदा वाचला. धंद्यातली माणसं तीच राहिली का, हा वेगळा प्रश्न.

आता माझ्या मेहुण्याची गोष्ट, कारण खरं भांडण तिथं आहे.

त्याचं एसटी स्टँडसमोर मोबाईलचं दुकान. काचेवर पाटी: "गाणी भरून मिळतील". मेमरी कार्ड द्यायचं, चहा पिऊन यायचं, तोवर कार्ड भरलेलं. त्याच्या कॉम्प्युटरवर फोल्डर होते, भक्ती, लोकगीत, हळदी, डीजे, जुनी हिंदी. एकदा मी बसल्या बसल्या भक्तीचा फोल्डर उघडला. माझी चाल सापडली. फाईलच्या नावात आधी आकडा, मग गाण्याचे अर्धे शब्द, मग ज्या साइटवरून उतरवली तिचं नाव. कलाकाराच्या जागी साइटचं नाव, अल्बमच्या जागी साइटचं नाव, फोटोच्या जागीही तिचाच लोगो. डीजेच्या फोल्डरमध्ये तीच चाल दुप्पट लयीत, आणि माझ्या सुरुवातीच्या म्युझिकवर एक जण स्वतःचं नाव तीनदा ओरडतोय. डीजेचं नाव सगळ्या तालुक्याला पाठ. चाल कोणाची, गायलं कोणी, ढोलकी कोणाची, यातलं काही शिल्लक नाही.

मी बोललो. तर मेहुणा म्हणाला, "दाजी, कारखान्याच्या ट्रॅक्टरवर तुमचं गाणं वाजतंय ते माझ्यामुळं. शेठनं ते डोंगरावर विकलं, मी गावागावात पोचवलं. तुमचं पाकीट तुम्हाला मिळालं होतं. गेले असले तर शेठचे."

ऊस भरून दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर डेक लावून जातात, त्यावर माझी चाल मी ऐकली आहे. खोटं कशाला बोलू, छाती फुगते. पण त्या प्रसिद्धीचं मी करू काय? फाईलवर नाव नाही, तर कार्यक्रमाची सुपारी द्यायला फोन करणार कोणाला? "फुकट पसरलं की कार्यक्रम मिळतात" हे ज्याचा आवाज ओळखू येतो त्याला लागू. आमच्या त्या गायकाचा भाव खरंच वाढला, यात्रा-जत्रांच्या सुपाऱ्या वाढल्या, त्यानं गाडी घेतली. त्याला विचाराल तर तो पायरसीला शिव्या देणार नाही. कोरसमध्ये गाणाऱ्या बाईचा भाव पेनड्राइव्हमुळं वाढल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि मेहुण्याचा एक मुद्दा मी कधी खोडला नाही, कारण तो खरा आहे. आम्हाला पहिलं लुटलं ते कागदानं. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गाण्यावर, वेगळा करार नसेल तर, हक्क निर्मात्याचा. गीतकार-संगीतकार त्यानंतर पस्तीस वर्षं हात चोळत बसले. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी उभे राहिले. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला वाटा सहजासहजी लिहून देऊन टाकू शकत नाहीत. वारसांना देता येतो किंवा कॉपीराइट सोसायटीला वसुलीसाठी देता येतो. गायकांच्या रॉयल्टीसाठी इसरा या संस्थेची २०१३ मध्ये कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंद झाली. हे सगळं चांगलं झालं, पण माझ्या सह्या त्याआधीच्या.

म्हणजे कंपन्या जेव्हा "कलाकारांच्या पोटावर पाय" म्हणून गळा काढतात तेव्हा मलाही हसू येतं. पण कंपनीनं आधी लुटलंय म्हणून मी पण उचलतो, हा कुठला न्याय? शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून तिसऱ्यानं येऊन ऊस तोडून न्यायचा का?

मध्ये मी ती चाल नव्यानं वाजवून, नुसती वाद्यांवर, स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकली. तर दोन दिवसांत हक्काचा दावा आला. शेठनं धंदा बंद करताना सगळ्या गाण्यांचे हक्क एका मोठ्या कंपनीला विकले होते, आणि व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे आता तिकडं जातात. कायद्यानं ते बरोबरच असेल. त्याच वेळी तीच चाल डीजेच्या नावानं दहा ठिकाणी बिनबोभाट चालू आहे, कारण लय बदलली, पट्टी बदलली की यूट्यूबच्या मशीनला बरेचदा ओळखू येत नाही. मेहुण्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. घरात हा विषय काढायचा नाही असं बायकोनं बजावलंय.

आजची पायरसी म्हणाल तर कार्ड भरून देणारे गेले. २०१६ मध्ये जिओ आलं आणि मेहुण्याची पाटी आपोआप उतरली. आता लोक यूट्यूबवरून एमपी३ ओढून काढतात, टेलिग्रामवर अख्खे अल्बम फिरतात, जाहिराती कापलेली ॲप वापरतात. यातून नुकसान किती? मोठ्या कंपनीचं थोडं. स्वतः पैसे घालून गाणं काढणाऱ्या पोराचं जास्त, कारण त्याच्याकडं मोजायला तेवढीच ऐकणी असतात. स्पॉटिफायनं तर २०२४ पासून नियमच केलाय की वर्षात हजाराच्या खाली ऐकलं गेलेलं गाणं रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीत धरायचंच नाही. अशा पोराचं गाणं त्याच्या गावातल्या चारशे जणांनी व्हॉट्सॲपवर फाईल करून फिरवलं तर ते चारशे त्या हजारात येत नाहीत. तुम्ही फुकट ऐका, माझं म्हणणं नाही. यूट्यूबवर जाहिरातीसकट फुकटच आहे की. पण तिथं जाऊन ऐका.

लग्नाच्या हळदीला गाणी वाजवली तर तीही चोरी का, असं कोणी विचारेलच. नाही. लग्नसमारंभाला कायद्यातच सूट आहे, २०२३ मध्ये केंद्रानं ते पुन्हा स्पष्ट केलं, आणि गोवा सरकारनं त्यावर काढलेलं परिपत्रक २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं रद्द केलं, तरी कायद्यातली सूट तशीच आहे. तेव्हा हळदीला बिनधास्त नाचा.

नवीन पोरांना सांगतो, गाणं बाहेर पडायच्या आधी फाईलमध्ये आपलं नाव घाला, वाजवणाऱ्यांची नावं घाला. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी वसूल करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या, चाल किंवा शब्द तुमचे असतील तर. "सर्व हक्क कायमचे" असं दिसलं तर सही करायच्या आधी त्या ओळीचे वेगळे पैसे मागा, आणि ढोलकीवाल्याला त्याच दिवशी द्या, विक्रीवर ठेवू नका.

हे सगळं यात्रा-जत्रांच्या, भक्तिगीत-लोकगीतांच्या धंद्याबद्दल आहे. चित्रपटाच्या गाण्याचा खर्च चित्रपटाच्या जाहिरातीत धरलेला असतो, तिथं पायरसीनं उलट तिकीटबारीला हातभारही लागत असेल. शास्त्रीयवाल्यांचं पोट बैठकी आणि शिकवण्यांवर चालतं. आणि मेहुण्या, तू हे वाचणार आहेस म्हणून इथंच विचारतो: तू गावागावात पोचवलेल्या गाण्यात ढोलकी कोण वाजवतंय, सांग बघू. फोल्डर अजून असेल तुझ्याकडं, त्यात शोधून सांगितलंस तरी चालेल.