लग्नाच्या ऑर्डरी घेतेयस ना, मग पैशाचं आधीच बोलून घे

अगं,

मेसेज वाचला तुझा. प्री-वेडिंग शूट झालं, फोटोही देऊन झाले आणि आता लग्न मोडलंय म्हणून ते पूर्ण ॲडव्हान्स परत मागतायत. लिहून काहीच ठेवलं नसेल तर यावेळी झालेल्या शूटचे पैसे कापून घे आणि बाकीचं समोर बसून मिटव, त्या घरात आधीच काय चाललं असेल ते बघ. पण पुढच्या ऑर्डरीपासून असं नको.

आपला धंदा मुहूर्तांवर चालतो. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात, चांगल्या मुहूर्ताला सगळ्यांनाच फोटोग्राफर हवा असतो आणि तू एकालाच हो म्हणतेस, बाकीच्यांना सोडतेस. ती तारीख ऐनवेळी कॅन्सल झाली की परत भरत नाही. ॲडव्हान्स त्यासाठी आहे आणि पावतीवर तसंच लिही, की ही रक्कम तारीख राखून ठेवल्याबद्दल आहे. नुसतं नॉन-रिफंडेबल लिहिलं म्हणजे सगळं आपलं झालं असं नाही हं. भारतीय करार कायदा १८७२, कलम ७४ बघ, करारात आकडा लिहिला असला तरी भरपाई वाजवीच मिळते, तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. म्हणून टप्पे ठेव. तीन महिने आधी कळवलं तर थोडे कापून बाकी परत, महिन्याच्या आत कळवलं तर ॲडव्हान्स परत नाही, आणि त्याच तारखेला दुसरी ऑर्डर मिळाली तर काही भाग परत. हे शेवटचं वाक्य मी स्वतः आग्रहाने घालतो, लोकांना ते पटतं.

लग्न पुढे ढकललं तर? घरात सुतक आलं तर कोणाच्या हातात काही नसतं. नवी तारीख तुझ्याकडे मोकळी असेल तर तोच ॲडव्हान्स तिकडे वळव, एकदाच, आणि किती महिन्यांच्या आत ते लिहून ठेव. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा ज्यांच्या कागदावर सरकारी बंदीबद्दल एक ओळ होती त्यांना नुसती ती ओळ दाखवायची होती, बाकीच्यांची भांडणं झाली. आणि तूच आजारी पडलीस तर? तेही लिही, बदली फोटोग्राफर देईन, त्यांना तो नको असेल तर सगळे पैसे परत.

हप्ते मी असे सांगेन: बुकिंगला ३० टक्के, हळदीच्या आदल्या दिवशीपर्यंत ५०, आणि उरलेले २० अल्बम प्रिंटला टाकायच्या आधी. प्रिंटच्या नंतर नाही. लग्न उरकलं की हॉलवाला, केटरर सगळ्यांची बिलं अंगावर आलेली असतात, त्यात फोटोग्राफर शेवटी येतो.

अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर पहिला मालक तो, आपण नाही. तेव्हा इन्स्टावर टाकायची परवानगी करारातच घे.

कोणी काका म्हणतील, घरचंच कार्य आहे, कागद कशाला. भीड भिकेची बहीण, भिडेखातर गप्प बसू नकोस, नाराज न होता व्हॉट्सॲपवर टाक: "काका, २५,००० मिळाले. तारीख, हॉल, हळद आणि लग्न दोन्ही, एकूण रक्कम आणि कॅन्सलेशनच्या अटी खाली दिल्यात, वाचून ओके कळवा." ओके आलं की स्क्रीनशॉट काढून ठेव. मेसेजवर ठरलंय एवढ्याच कारणाने करार बाद होत नाही, आयटी कायद्यात २००० सालच्या, कलम १० अ मध्ये तसं आहे. मोठी ऑर्डर असेल तर मात्र सही घेच.

तुझा मसुदा पाठव, रविवारी बघून देतो. आणि त्या मोडलेल्या लग्नाचा हिशोब करताना फोनवर नको बोलूस, घरी जा.

दादा