चेडू म्हणता पंचेचाळीस, मी देतंय पंचवीस

देवगडकडच्या एका भाऊंचं पत्र आलंय. स्वतः सेंट्रिंगची आणि छोट्या घरांची कामं घेतात, लेक डिप्लोमा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्र सगळं प्रमाण मराठीत, मधलं एकच वाक्य मालवणीत आहे आणि मला वाटतं खरं पत्र तेवढंच आहे: "माझा चेडू रात रात मोबाईलार पुलांचे व्हिडिओ बघता, ह्येका अभ्यास म्हणूचो की खूळ?" पुढे लिहिलंय की तिने त्यांच्या चालू कामावर येऊन सांगितलं, बाबा तुमचं कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, चुकीचं आहे, समुद्रकिनारी ४५ मिलिमीटर पाहिजे, व्हिडिओत बघितलंय. ते म्हणाले मी वीस वर्षं २५ देतोय, माझी एक स्लॅब पडली नाही. दोन दिवस घरात अबोला. आणि आता तिला ३८ हजाराचा ऑनलाइन कोर्स करायचाय, तीन महिन्यांत स्ट्रक्चरल डिझायनर. लॅपटॉप वेगळा.

भाऊ, आधी भांडण मिटवूया, कोर्सचं मग बघू, कारण तुमच्या भांडणातच निम्मं उत्तर आहे.

तुमची लेक बरोबर आहे आणि अर्धवट आहे. तुम्ही पण तसेच. आयएस ४५६ म्हणून आपला काँक्रीटचा कोड आहे, सन २००० चा, त्यात हवामानाचे पाच प्रकार दिलेत. सौम्य असेल तर कव्हर २०, मध्यम ३०, तीव्र ४५, अतितीव्र ५० आणि टोकाचं असेल तर ७५ मिलिमीटर. उघड्यावर खारा वारा खाणारं काँक्रीट तीव्रमध्ये येतं, तिथे ४५, आणि काँक्रीट कमीत कमी एम ३० ह्या ताकदीचं. पण किनाऱ्यावर असूनही खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेलं काँक्रीट मध्यममध्ये धरतात, तिथे ३०. लाटेचे शिंतोडे उडतात तिथे ५०, भरती-ओहोटीत भिजणारा जेटीचा खांब असेल तर ७५. म्हणजे एकाच घरात समुद्राकडच्या गॅलरीचा आकडा वेगळा आणि आतल्या माजघराच्या स्लॅबचा वेगळा. व्हिडिओवाल्याने आठ मिनिटांत "कोस्टल म्हणजे ४५" सांगितलं आणि पुढे गेला, त्याचं काम झालं. तक्ता उघडून "आपलं घर नेमकं कुठे बसतं" हे विचारणं तिचं काम होतं ते राहिलं.

आणि तुमच्या २५ बद्दल. स्लॅब पडली नाही हे खरं असेल, पण तुम्हीच बांधलेल्या एखाद्या पंधरा वर्षं जुन्या घराच्या गॅलरीखाली उभे राहून वर बघा एकदा. प्लास्टरचे पोपडे, सळईच्या रेषेत पडलेली चीर, तांबूस डाग. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून टाकते, तुम्हाला मी काय सांगणार.

पण म्हणून उद्यापासून सगळीकडे ४५ चे कव्हर ब्लॉक टाकू नका हं! हे तिला पण वाचून दाखवा. १२५ मिलिमीटरची स्लॅब आहे, १० ची सळई, २५ कव्हर दिलं तर सळईच्या मध्यापासून वरच्या तोंडापर्यंत ९५ मिलिमीटर मिळतात. तेच ४५ दिलं तर ७५ उरतात. त्याच जाडीत, त्याच सळईत ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने गेली. कव्हर वाढवायचं तर जाडी नाहीतर सळई वाढते, आणि ते ठरवणारा तुमच्या कामाचा इंजिनिअर, ना तुम्ही ना व्हिडिओ. हा हिशोब तिने केला असता तर तुमच्याशी भांडली नसती, ड्रॉइंग घेऊन इंजिनिअरकडे गेली असती.

म्हणजे खूळ नाहीये, अभ्यासच आहे, फक्त अर्ध्यावर थांबलेला. ह्या व्हिडिओंची गंमत अशी की बघताना सगळं कळतं. ॲनिमेशनमध्ये बीम वाकतो, लाल-निळे रंग येतात, वाटतं झालं आलं आपल्याला. मग पेपरात साधा ओव्हरहँगवाला बीम आला की पेन चालत नाही. माझ्याकडे दर वर्षी अशी चार-पाच मुलं येतात, चॅनेलांची नावं तोंडपाठ, बेंडिंग मोमेंटची, म्हणजे बीमला कुठे किती वाकवलं जातंय त्याची, आकृती काढ म्हटलं की गप्प.

तिने काय बघावं ते सांगतो. फार नाही, तीन-चारच.

द एफिशियंट इंजिनिअर म्हणून चॅनेल आहे, शिअर फोर्स, बेंडिंग मोमेंट, स्ट्रेस, बकलिंग हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं मला तरी माहीत नाही, डिप्लोमाच्या मुलीला अगदी फिट. जेफ हॅन्सन म्हणून अमेरिकेतले मास्तर आहेत, स्टॅटिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियलची गणितं एकेक करून सोडवतात, गप्पा मारत मारत, ते पण चांगलं. प्रॅक्टिकल इंजिनिअरिंग हे ग्रेडी हिलहाउस यांचं चॅनेल, घरच्या गॅरेजमध्ये छोटी मॉडेलं करून धरण, माती, काँक्रीट समजावतात, हे रात्री जेवताना तुम्ही पण तिच्याबरोबर बघा, इंग्रजी नाही कळलं तरी हातातलं काम कळेल. द बी१एम मोठमोठ्या प्रकल्पांच्या गोष्टी सांगतं, छान असतं, पण ते बघून डिझाइन येत नाही, ते करमणुकीत धरा.

आणि खरा अभ्यास करायचा तर एनपीटीईएल. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांची लेक्चरं, सगळी फुकट. काँक्रीट टेक्नॉलॉजीवर आयआयटी दिल्लीच्या बी. भट्टाचारजींची लेक्चरं आहेत, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटवर, म्हणजे आतल्या तारा ओढून आधीच दाबून ठेवलेल्या काँक्रीटवर, आयआयटी मद्रासचे अमलान सेनगुप्ता आणि देवदास मेनन. कंटाळवाणं वाटेल, म्युझिक नाही, फळ्यावर लिहिणं आणि बोलणं, पण मास्तर तिथे आयएस कोड उघडून शिकवतात आणि आपल्याला तेच पाहिजे. दर आठवड्याच्या असाइनमेंट करून केंद्रावर जाऊन परीक्षा दिली की सर्टिफिकेट मिळतं, फक्त त्या परीक्षेला फी. तुमच्याकडे रेंज डोंगरावर चढल्याशिवाय येत नाही असं लिहिलंयत, तर लेक्चरं डाउनलोड होतात, देवगडला बाजारात आली की उतरवून घ्यायची आणि पावसात लाइट गेली तरी बघायची.

आता बाहेरच्या चॅनेलांची एक गोची, ही तुम्हाला लगेच कळेल. तुमच्या साइटवर "आठची सळई" म्हणजे ८ मिलिमीटर. अमेरिकेत नंबर आठचा बार म्हणजे आठ अष्टमांश इंच, एक इंच जाड! आडव्या कापात जवळपास दहापट पोलाद. ते लोक काँक्रीट ४००० पीएसआय म्हणतात, म्हणजे २७.६ मेगापास्कल, म्हणून मुलं म्हणतात आपलं एम २५ पेक्षा थोडं जास्त. तसं नाही. ते सिलिंडर फोडून आलेला आकडा सांगतात, आपण १५० मिलिमीटरचा क्यूब फोडतो, आणि तेच काँक्रीट क्यूबवर जास्त आकडा दाखवतं, ३४ च्या आसपास. तिकडचं सूत्र जसंच्या तसं इकडच्या गणितात घातलं की संपलं. म्हणून नियम एकच करा, कल्पना कुठूनही शिकावी पण आकडा मात्र आयएस कोडातूनच घ्यावा. ४५६ काँक्रीटला, ८७५ वजनं आणि वाऱ्याला, ८०० लोखंडाला. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, वेबसाइटवर नाव नोंदवलं की कोड फुकट उतरवता येतात.

तो ३८ हजाराचा कोर्स. तुम्ही माहितीपत्रकाचा फोटो पाठवलात तो नीट बघितला, तीन महिन्यांतले अडीच महिने सॉफ्टवेअर आहे. ईटॅब्स, स्टॅड. कुठलं बटण दाबायचं ते शिकवतात आणि रंगीत रिपोर्ट बाहेर येतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला हे आत्ता नको, माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअरमध्ये सपोर्ट चुकीचा दिला तरी ते तक्रार करत नाही, उत्तर देतंच, आणि उत्तर चुकलंय हे ओळखायला आधी हाताने गणित केलेलं लागतं. तसंही डिझाइनवर सही करायला डिग्री आणि अनुभव लागतो, ह्या सर्टिफिकेटवर कोण सही करू देणार? ३८ हजार ठेवा, डिप्लोमानंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तेव्हा लागतील. स्ट्रक्चरचं एवढंच वेड टिकलं तर पुढे गेट देऊन एमटेक. नोकरी लवकर हवी असेल तर ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षा आहेतच, डिप्लोमावर देता येतात.

बघण्याची पद्धत मात्र बदलायला सांगा. मास्तराने बीम काढला, वजन ठेवलं, की व्हिडिओ थांबवायचा. वहीत आधी स्वतः काढायचं, बीम कसा वाकेल, ताण वर येईल की खाली, सळई कुठे पाहिजे. चुकलं तर चुकलं. मग पुढे बघायचं. एक तासाच्या लेक्चरला तीन तास लागतील, लागू देत. रात्री दोनपर्यंत बारा व्हिडिओ बघण्यापेक्षा एकच, आणि अकराला झोप.

हे मी का सांगतो, तर माझी स्वतःची गोष्ट आहे. मी आधी साइटवर होतो, डिप्लोमा करून नुकता लागलेलो, रत्नागिरीकडचं एक काम. बाहेर काढलेल्या सज्जाची सळई फिटरने खाली बांधलेली, मी रिंगा मोजल्या, अंतर मोजलं, सगळं टिकमार्क केलं आणि ओके दिलं. कॅन्टिलिव्हरला, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या अशा सज्जाला, मेन सळई वर असते हे मला पेपरात दहा मार्कांना येत होतं! काँक्रीट पडायच्या आधी म्हातारे मुकादम आले, बघितलं आणि म्हणाले, साहेब, ही सळई वर घेतली नाय तर सज्जो खाली येतलो. खाली सळईचे टेकू, म्हणजे चेअर, करून सळई वर उचलली. त्या मुकादमांना मोमेंट हा शब्द माहीत नव्हता, पण सज्जा कुठून फाटतो ते माहीत होतं. तुम्हाला पण माहीत असणार. लेकीला ते कळतंय का बघा, तिने तुमच्याकडून हे शिकायचंय आणि तुम्ही तिच्याकडून तक्ता.

घरी एक करायला द्या. पोफळीची चांगली सरळ रीप घ्या, दोन चिऱ्यांवर आडवी टाका, मधोमध पाण्याची बाटली टांगा, किती खाली आली ते मोजा. मग चिरे जवळ आणून अंतर निम्मं करा, तीच बाटली. वाक निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. मग तीच रीप उभ्या धारेवर ठेवून बघा. एवढं हाताने केलं की सूत्रातला लांबीचा आणि उंचीचा घन कशाला आहे ते जन्मात विसरणार नाही.

विहिरीचं पण बघायला लावा. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी काँक्रीटला वापरतो आपण, चव घेऊन ठरवतो. कोडात सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, नुसत्या काँक्रीटला २०००. एक बाटली भरून तपासायला पाठवा, मे महिन्यात एकदा आणि गणपतीच्या वेळी एकदा. कॉलेजच्या प्रोजेक्टला पण विषय होईल. जांभ्याच्या चिऱ्यावर, ओला किती दाब घेतो आणि सुका किती, ह्यावर ह्या मोठ्या चॅनेलांवर काही बघितलेलं मला आठवत नाही, आणि आपली अर्धी घरं त्यावर उभी आहेत.

आणि कधी रत्नागिरीला ट्रेनने आलात तर पानवलचा पूल लागतो, गाडीत बसून काही कळत नाही, खाली जाऊन बघायला पाहिजे. ४२४ मीटर लांब, खांब ६४ मीटरपर्यंत उंच, आणि वरचा बॉक्स गर्डर, म्हणजे आतून पोकळ पेटीसारखा बीम, एका टोकाला तयार करून पुढे पुढे ढकलत नेलाय. मेनन-सेनगुप्तांची प्रीस्ट्रेसची पहिली काही लेक्चरं बघून मग तिला तिथे न्या, आधी नको.

लॅपटॉपचं विचारलंयत. आत्ता नको. वही, कॅल्क्युलेटर, कोडची प्रिंट आणि मोबाईल बास. ऑटोकॅड कॉलेजच्या लॅबमध्ये करू दे, तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट लागेल तेव्हा घ्या, तोपर्यंत तुमच्या पुढच्या स्लॅबचं बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे सळयांची लांबी-वजनाची यादी, तिला हाताने करायला द्या, डी स्क्वेअर भागिले १६२ (डी म्हणजे मिलिमीटरमधली जाडी, उत्तर मीटरला किलो) करून वजन काढू दे आणि दुकानाच्या बिलाशी ताडून बघू दे. फरक आला तर आधी लॅप, म्हणजे सळईच्या जोडाला एकावर एक येणारी लांबी, आणि वाया गेलेले तुकडे धरलेत का ते विचारा. आणि त्या गॅलरीच्या कव्हरचं इंजिनिअरला विचारायला दोघं मिळून जा, ह्याच आठवड्यात, काँक्रीट पडायच्या आधी.