वस्तीतल्या लोकांपर्यंत मोफत ऑनलाइन कायदेशीर मदत कशी पोहोचवायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या संस्थेने क्यूआर कोड छापलेली पत्रकं वस्तीत घरोघर वाटली, मोफत कायदेशीर माहितीच्या साइटची लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, आणि तीन महिन्यांत ती जेमतेम कुणी उघडली. मग तुमचा प्रश्न, "अशा लोकांना जागरूक कसं करावं?" तो 'जागरूक' शब्द वाचला आणि राहवलं नाही.

मी पुण्यातल्या एका वस्तीत सहा वर्षं विधी स्वयंसेवक होते. तुम्ही वाटलीत तशीच पत्रकं मीही वाटली आहेत, उन्हातान्हात, दार वाजवून वाजवून. त्यामुळे पुढचं जे लिहितेय ते स्वतः केलेल्या कामातून लिहितेय.

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करतात. एकोणीस वर्षं त्याच खोलीत भाड्याने. जुने मालक महिन्याच्या महिन्याला येऊन भाडं हातात घेऊन जायचे, कधी पावती द्यायचे, कधी नाही. ते वारले आणि त्यांच्या मुलाने खोलीच्या ताब्यासाठी दावा लावला. कोर्टाचा कागद घेऊन बेलीफ आला तेव्हा मावशी कामावर होत्या. घरात राहणाऱ्या भाच्याने सही करून कागद घेतला, संध्याकाळी मावशींच्या हातात दिला आणि विसरून गेला. मावशींनी तो पिशवीत ठेवला. पिशवी म्हणजे रेशनकार्ड, आधार, लाइटबिलं, काकांचा मृत्यूचा दाखला, सगळं जिच्यात असतं ती जाड प्लास्टिकची पिशवी. प्रत्येक घरात अशी एक असतेच.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा सत्तरहून जास्त दिवस उलटले होते. कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी म्हणणं, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायचं असतं. कारण दाखवलं तर कोर्ट नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवतं. मी पिशवीतून समन्स काढलं तर त्याच्या आत घडी घालून ठेवलेलं आमचं पत्रक निघालं. मीच दिलेलं, एका कोपऱ्यावर माझ्याच अक्षरात माझा फोन नंबर. दोन महिन्यांहून जास्त काळ ते दोन कागद एकमेकांत घडी होऊन पडले होते.

मी विचारलं, "मावशी, हे वाचलं नव्हतं का तुम्ही?"

"वाचलं की गं. सातवी शिकलेय मी. 'मोफत विधी सेवा' लिहिलंय त्यावर. मला वाटलं दहाव्या-तेराव्याचं असेल. गरिबाला बामण फुकट मिळत असेल म्हणून जपून ठेवलं, कधी लागलं तर."

विधी म्हणजे काय हो आपल्याकडे? लग्नविधी, अंत्यविधी. आपण कायद्याला कायदा म्हणतो, न्यायालयाला कोर्ट म्हणतो, विधिज्ञाला वकील म्हणतो. मावशींनी वाचलं अगदी बरोबर, शब्द चुकीचा आमचा होता. पत्रक त्यांनी फेकलं नाही, चुरगाळलं नाही, सर्वांत महत्त्वाच्या कागदांमध्ये ठेवलं. ह्या बाईला 'अजागरूक' म्हणायचं?

पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. आमचे समन्वयक सर म्हणाले की विधी सेवा हा कायद्यातला शब्द आहे, तो बदलता येणार नाही, आणि 'फुकट' हा शब्द संस्थेच्या पत्रकावर शोभत नाही. मग नेहमीचं वाक्य: "आपण माहिती दिली. आता घेणं न घेणं लोकांच्या हातात. उदासीनता फार आहे." अहवालात 'पोहोचलेली कुटुंबं' असा रकाना होता, त्यात वाटलेल्या पत्रकांचा आकडा गेला. मावशींचं घरही त्या आकड्यात होतं.

सरांना तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देते. 'माहिती दिली, आता त्यांनी मागावं' ह्या युक्तिवादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1986 सालीच लावलाय, सुक दास खटल्यात. आरोपीला वकील नव्हता, मोफत वकील मिळतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने मागितला नव्हता, आणि शिक्षा झाली होती. न्यायमूर्ती भगवतींनी स्पष्ट सांगितलं की ज्याला आपला हक्कच माहीत नाही त्याने तो मागावा अशी अट घालणं म्हणजे मोफत मदतीची थट्टा आहे. शिक्षा रद्द झाली. तो फौजदारी खटला होता आणि जबाबदारी कोर्टाची होती, हे मला कळतं. पण तत्त्व तेच. सांगणाऱ्याने समजेल असं सांगायचं असतं.

मावशींच्या केसचं पुढे काय झालं ते सांगते, कारण ऑनलाइन साधनांचा खरा उपयोग कुठे होतो ते त्यात दिसतं. त्याच रात्री मी ई-कोर्ट्सच्या अॅपवर समन्सवरचा केस नंबर टाकला. दोन मिनिटांत सगळं समोर: मागच्या तारखेला म्हणण्याशिवाय दावा पुढे चालवायचा हुकूम झालेला, पुढची तारीख नऊ दिवसांनी. मावशींच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची बातमी भाच्याच्या फोनमध्ये फुकट उपलब्ध होती, पण इंग्रजी आद्याक्षरांत. मलाही ती कळली ती सहा वर्षांच्या सवयीने.

सकाळी शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात गेलो. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. हे मावशींना जिन्यात सांगितलं तर त्या थांबल्याच. "म्हणजे मी बाई आहे म्हणून?" हो, तेवढ्यावर. वकीलबाई नेमल्या गेल्या, उशिराचं कारण लिहून अर्ज झाला, कोर्टाने थोडा खर्च भरायला लावून म्हणणं घेतलं. जुन्या पावत्या त्याच पिशवीत निघाल्या, अकरा. दावा अजून चालू आहे, मावशी अजून त्याच खोलीत आहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे.

पहिलं म्हणजे, घरोघर वाटणं बंद करा. कायद्याची माहिती माणसाला रोज लागत नाही. कागद हातात पडतो त्या आठवड्यात लागते, आणि त्या आठवड्यात तो तुमचं पत्रक शोधत नाही, कागद दाखवायला कुणाकडे तरी जातो. आमच्याकडे जातात झेरॉक्सवाल्याकडे, कारण कोर्टाचा कागद आला की पहिली गोष्ट लोक त्याची झेरॉक्स काढतात. नाहीतर आपले सरकार सेवा केंद्रात फॉर्म भरून देणाऱ्या मुलाकडे, अंगणवाडीच्या ताईंकडे, बचत गटाच्या अध्यक्षांकडे. ही सात-आठ माणसं तुमची खरी यंत्रणा. त्यांच्यासोबत दोन दुपारी बसा. त्यांना कायदा शिकवू नका. समन्स कसं दिसतं, तारीख कुठे लिहिलेली असते, आणि 15100 ही नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, हेल्पलाइन आहे, एवढंच शिकवा. मी संस्था सोडल्यावर आमच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या मशीनवर एक पट्टी चिकटवली: 'कोर्टाचा कागद आलाय? फुकट वकील मिळतो. आजच फोन करा, 15100.' सहा वर्षांच्या पत्रकांनी आणले नाहीत एवढे लोक त्या पट्टीने आणले, असं मी छातीठोकपणे सांगते.

दुसरं, लिंक पाठवू नका, आवाज पाठवा. एक प्रश्न, एक मिनिट, वस्तीतल्याच बाईच्या आवाजात. 'मालकाने पाणी तोडलं तर काय करायचं?' महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम 29 आहे, भाडेकरूचं पाणी-वीज मालकाला असं तोडता येत नाही. हे एका मिनिटात सांगून होतं. पीडीएफ कुणी उघडत नाही, मीसुद्धा नाही.

तिसरं, 'स्वतः करा' कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. केसची तारीख बघणं, मोफत वकिलासाठी नालसाच्या साइटवर अर्ज करणं, माहिती अधिकाराचा अर्ज, ग्राहक तक्रार (पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी लागत नाही), एवढं माणूस शेजारी बसून दाखवलं तर स्वतः करू शकतो. ग्राहक तक्रारीसाठी आधी 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघितलं तर पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. पण घराचा ताबा, अटक, मुलांचा ताबा ह्यांत साइट वाचून स्वतः लढा असं सांगणं मला धोकादायक वाटतं. तिथे ऑनलाइन माहितीचं काम एकच, माणसाला वेळेत वकिलापर्यंत नेणं. सरकारची टेली-लॉ योजना त्यासाठी चांगली आहे: 2017 पासून सेवा केंद्रांमधून फोनवर किंवा व्हिडिओवर वकिलाचा सल्ला मिळतो, पैसे लागत नाहीत. केंद्रातल्या मुलाला ते माहीत आहे का, एवढं मात्र तुम्ही स्वतः जाऊन तपासा.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता लिहिते.

घरात मारहाण होत असेल तर बाईच्या फोनवर काहीही पाठवू नका. फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो, आणि एक क्लिप सापडली तर त्या रात्री काय होईल ह्याची जबाबदारी तुमची. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी सांगा, अंगणवाडीतल्या ताईंमार्फत.

प्रत्येक मजकुरावर तारीख टाका. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलला. पोटगीचं जुनं कलम 125 आता नव्या संहितेत 144 आहे, पण व्हॉट्सअॅपवर अजून 125 फिरतंय आणि बायका तोच नंबर घेऊन येतात. हक्क गेलेला नाही, नंबर बदललाय, हे समजावण्यात अर्धी दुपार जाते.

भाड्याची माहिती देताना आधी विचारा, कागद कसला आहे? मावशींसारखा जुना भाडेकरू आणि अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स केलेला माणूस ह्यांचे हक्क सारखे नाहीत. मुदत संपल्यावर लायसन्सवाल्याला खोली सोडावी लागते. वर कलम 29 लिहिलंय ते वाचून लायसन्सवाल्याने मालकाशी भांडण काढलं तर तो अडचणीत येईल.

आणि क्यूआर कोडला मी नावं ठेवली तरी कॉलेजात जाणारी मुलं तो वापरतात. मावशींचा भाचा आता पुढची तारीख स्वतः अॅपवर बघून आत्याला सांगतो. तेव्हा कोड छापा, पण खाली कोपऱ्यात. वर मोठ्या अक्षरात 'कोर्टाचा कागद' हे शब्द येऊ द्या.

छापण्याआधी मजकूर मावशींसारख्या एखाद्या बाईला मोठ्याने वाचायला द्या आणि ह्यात काय लिहिलंय ते तिच्याकडूनच ऐका. दहाव्या-तेराव्याचं आहे असं ती म्हणाली, तर छपाई थांबवा.