सूर्य ‘काळा’ कसा? कृष्ण वस्तू, प्रारण आणि धग

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रातल्या ‘ब्लॅक बॉडी रेडिएशन’ला (तापलेल्या वस्तू किरण सोडतात, त्याचा आदर्श नमुना) मराठीत ‘कृष्णिका विकिरण’ म्हणावं की ‘काळ्या वस्तूचा किरणोत्सर्ग’? शिवाय सूर्यालाही ‘ब्लॅक बॉडी’ म्हणतात, मग मूळ शब्दच चुकलाय का?

आधी ‘किरणोत्सर्ग’ बाजूला काढू. व्युत्पत्तीने त्यात खोट नाही. किरण सोडणं, एवढाच अर्थ. पण रूढीपुढे व्युत्पत्तीचं काही चालत नाही, आणि मराठीत हा शब्द युरेनियम-रेडियमच्या नावावर कधीच लागून गेला. २०२० साली कपाळासमोर धरायच्या थर्मामीटरची अनेकांनी धास्ती घेतली होती, ती ‘रेडिएशन’ या एका शब्दाखाली सगळं कोंबल्यामुळेच. ते यंत्र कपाळाचं तापमान मोजायला कपाळावर काहीच सोडत नाही. कपाळाकडून येणारं अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारं) प्रारण, म्हणजेच रेडिएशन, टिपतं. रेडिएशन करतं ते आपलं कपाळ!

‘विकिरण’ आणि ‘कृष्णिका’ दोन्ही हिंदीतून आलेत. मराठी शाळेत ‘प्रकाशाचं विकिरण’ म्हणजे प्रकाश कणांवर आदळून विखुरणं, ज्यामुळे आकाश निळं दिसतं. तेव्हा ते इथे नको. ‘कृष्णिका’ ऐकून मला तरी एखादी मुलगी ओ देईल असं वाटतं. मराठी विज्ञानलेखनात ‘प्रारण’ रुळलेला आहे, तोच घ्यावा. ‘कृष्ण पदार्थ’ असंही लिहिलेलं दिसतं, पण डार्क मॅटरलाही, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या द्रव्यालाही, तेच नाव देतात. म्हणून ‘कृष्ण वस्तू’ बरा.

आता त्यातला ‘कृष्ण’. ही संज्ञा भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाव किर्खहोफ यांनी १८६० साली जर्मनमध्ये वापरली. तिचा डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी संबंध नाही. अंगावर पडलेलं सगळं प्रारण जी गिळते, त्यातलं काही परतवत नाही, ती कृष्ण वस्तू. आणि किर्खहोफ यांनी दाखवलं ते असं की जी वस्तू उत्तम गिळते तीच तापल्यावर उत्तम ओकते. सूर्यावर कुणी टॉर्च मारला तर तो उजेड तिथेच जिरेल. या अर्थाने सूर्य काळा, आणि म्हणूनच सुमारे ५७७२ केल्विनला (केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश) तो इतका झगझगतो. तो अगदी आदर्श कृष्ण वस्तू नाही, पण बराच जवळ जातो. उलट पांढराशुभ्र बर्फ अवरक्तात जवळजवळ काळाच असतो.

हे काळेपण बघायचं तर भर दुपारी लांबच्या इमारतीची उघडी खिडकी बघा. आतल्या भिंती पांढऱ्या असल्या तरी खिडकी काळी दिसते, कारण आत शिरलेला प्रकाश भिंतींवर आपटत आपटत जिरतो, बाहेर यायची वाट त्याला क्वचितच सापडते. डोळ्याची बाहुली काळी दिसते तीही अशीच. प्रयोगशाळेतली कृष्ण वस्तू म्हणजे बारीक भोक असलेली तापवलेली पोकळी. विन आणि लुमर या भौतिकशास्त्रज्ञांनी १८९५ साली ही युक्ती सुचवली. बर्लिनमधल्या तशा मोजमापांशी जुळणारं सूत्र शोधताना १९०० साली भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक पुंजकल्पनेपर्यंत (ऊर्जा सुट्या पुड्यांनीच दिली-घेतली जाते, या कल्पनेपर्यंत) पोचले. गंमत म्हणजे पोकळी तापली की तेच काळं भोक आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा जास्त उजळतं.

वस्तू काळी नसेल तर काय होतं, हे कपाळासमोर धरायच्या त्या थर्मामीटरचं जे भावंड कारखान्यांत वापरतात, त्याच्याकडून कळतं. उकळत्या पाण्याच्या चकचकीत स्टीलच्या भांड्यावर ते रोखलं, तर आकडा खूपच कमी दाखवतं. त्याच भांड्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर रोखा, आकडा शंभराच्या जवळ जातो. चकचकीत धातू फार थोडं प्रारण सोडतो.

दिव्याच्या खोक्यावरचे २७०० केल्विन, ६५०० केल्विन हे आकडेही इथलेच: त्या तापमानाच्या कृष्ण वस्तूसारखा रंग, एलईडी स्वतः तेवढा तापत नाही. त्यात ज्याला ‘वॉर्म’ म्हणतात त्याचा आकडा लहान आणि ‘कूल’चा मोठा! आपली भाषा इथे जास्त नेमकी आहे. लोखंड आधी लालबुंद होतं, मग रसरसतं, मग पांढरं पडतं. हा चढत्या तापमानाचाच क्रम आहे.

आणि घरचा शब्द हवा असेल तर ‘धग’ आहेच. झळ वाऱ्याबरोबर येते, आच जाळाची असते, ऊब पांघरुणातही मिळते. धग लांबून लागते. निखाऱ्यांसमोर बसलेलं असताना कुणी मधे उभं राहिलं की ती त्याच क्षणी तुटते, कारण ती सरळ रेषेत, प्रकाशाच्याच वेगाने येत असते. मी लिहिताना पहिल्यांदा ‘कृष्ण वस्तूचं प्रारण’ म्हणतो आणि पुढच्या ओळीपासून जमेल तिथे ‘धग’. मात्र साऱ्या विश्वात भरून राहिलेलं २.७२५ केल्विनचं प्रारण, जे कृष्ण वस्तूच्या आलेखाशी (कुठल्या तरंगलांबीचं प्रारण किती, हे दाखवणाऱ्या) कमालीचं तंतोतंत जुळतं, त्याला धग म्हणायला जीभ रेटत नाही. तिथे प्रारणच.