फ्रोडोचा हात खिशाकडे

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीबरोबर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही खंड वाचून संपवले. दुष्ट जादूची अंगठी नष्ट करायला एवढा जीव धोक्यात घालून फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि ती आगीत टाकायची सोडून बोटात घालतो! मुलगी भडकली. ‘मग एवढा चालला कशाला?’ म्हणाली. तिला काय सांगू?
— एक आई, मिरज

ताई, आधी तिला सांगा, की तिच्यासारखे वैतागलेले वाचक खुद्द लेखक टोल्किनच्याही वाट्याला आले होते. पुस्तक १९५४-५५ मध्ये आलं आणि पुढे कितीतरी वर्षं म्हातारा पत्रांतून या प्रश्नाला उत्तरं देत बसला. १९६३ च्या एका पत्रात त्याने जे लिहिलंय त्याचा मथितार्थ असा : त्या जागी, त्या क्षणी अंगठीचा जोर शिगेला पोचलेला होता, कुणाच्यानेच ती टाकवली नसती. तेव्हा याला फ्रोडोचं नैतिक अपयश म्हणू नका.

मला हे पटतं. पण शाळकरी मुलीला ‘कुणालाच जमलं नसतं’ हे उत्तर म्हणजे मोठ्यांची पळवाट वाटणार, आणि तिचं काही चुकलं असंही नाही. म्हणून शेवटाची पानं मिटवा आणि तिला पहिल्या खंडातलं दुसरं प्रकरण पुन्हा वाचायला लावा. एप्रिलची सकाळ आहे. फ्रोडोच्या अभ्यासिकेची खिडकी उघडी, बाहेर त्याचा माळी सॅम कडेचं गवत कापतोय, त्याच्या कात्रीचा आवाज आत येतोय. ऊन उबदार आहे, तरी चुलाणात विस्तव आहे. जादूगार गँडाल्फने अंगठीचा सगळा इतिहास सांगितलाय. फ्रोडो घाबरून म्हणतो, ही नष्टच का करत नाही? गँडाल्फ म्हणतो, बघ करून.

आता पुढच्या दहा-बारा ओळी सावकाश वाचा. फ्रोडो अंगठी बाहेर काढतो. सोनं किती शुद्ध, गोलाई किती सुबक असं त्याच्या मनात येतं. ती विस्तवात भिरकावायची म्हणूनच त्याने काढलीय. तो ती हातात तोलतो, ऐकलेलं सगळं आठवून मनाचा हिय्या करतो, फेकल्यासारखी हालचालही करतो. आणि बघतो तर अंगठी परत खिशात!

गँडाल्फ हसतो, पण ते हसू कडवट आहे. शिवाय तो सांगतो, की या विस्तवात साधं सोनंसुद्धा वितळलं नसतं. म्हणजे अंगठीला धोका शून्य. अजून शत्रू आलेला नाही, जखम नाही, उपासमार नाही. घरच्या खोलीत, मित्रासमोर, लुटुपुटुच्या विस्तवातसुद्धा हात सुटत नाही. हजार पानांनंतर जे होणार ते लेखकाने तिथेच दाखवून ठेवलंय, आपण त्यावरून घाईघाईने पुढे जातो. मीही पहिल्या वाचनात गेलो होतो.

ज्याच्याकडून फ्रोडोला अंगठी मिळाली, त्या बिल्बोचं काही वेगळं नव्हतं. १११ वा वाढदिवस साजरा करून तो घर सोडून निघालाय, अंगठी फ्रोडोला द्यायची ठरलंय. पाकिटात घालून ठेवलीय म्हणतो, आणि पाकीट? त्याच्याच खिशात! गँडाल्फने आवाज चढवल्यावर कुठे ती सुटते. साठ वर्षं बाळगली होती.

आता माझीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी ‘एका वर्षापुरता’ म्हणून झालो आणि नऊ वर्षं राहिलो. पैशाचा घोटाळा वगैरे काही नाही, उलट पदरचे रिक्षाभाडे घातले. पण चाव्यांचा जुडगा माझ्याकडे असायचा : गच्ची, मीटररूम, पंपरूम. गच्चीवर पापड वाळत घालायला मला विचारावं लागायचं. नवीन सेक्रेटरी आला तेव्हा मी सगळ्यांदेखत, सही घेऊन, चाव्या सुपूर्द केल्या. आठवड्याने बायकोने धुवायला टाकलेल्या सदऱ्याचा खिसा चाचपला, तर पंपरूमची चावी निघाली. मी ती मुद्दाम ठेवली नव्हती. जुडग्यातून मी ती कधी काढली हेसुद्धा मला आठवत नाही. बायको काही बोलली नाही, चावी टेबलावर ठेवून कपडे भिजवायला गेली.

मुलीला हेही दाखवा, की अंगठी शेवटी नष्ट होते ती गॉलममुळे, म्हणजे बिल्बोच्या आधी जो ती बाळगून होता त्याच्यामुळे. तो फ्रोडोचं बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट आगीत पडतो. त्याला मारायची संधी आधी बिल्बोला आली होती, फ्रोडोलाही आली होती. दोघांनी दया केली म्हणून तो तिथवर जिवंत पोचला. फ्रोडो एवढा चालला कशाला, याचं काही उत्तर तिला इथे सापडेल असं वाटतं.

प्रश्न : गँडाल्फसारख्या सज्जनाने अंगठी वापरून चांगलं राज्य केलं असतं तर काय बिघडलं असतं?
— स्पर्धा परीक्षेचा एक विद्यार्थी, पुणे

अंगठी प्रत्येकाला त्याच्या आवडीचं आमिष दाखवते. फ्रोडोच्या सोबतचा योद्धा बोरोमिर, त्याला आपलं गाँडोरचं राज्य वाचवायचंय. सॅम माळी आहे, तर त्याला शत्रूच्या मुलखातल्या ओसाड गॉर्गोरॉथ पठाराची बाग झालेली दिसते! (मला हे फार आवडतं. केवढं प्रेमळ आमिष.) सॅम वाचतो तो अंगच्या शहाणपणाने : आपल्याला आपल्या हाताने राखता येईल एवढी एकच बाग पुरे, माणसांवर हुकूम सोडून फुलवलेलं राज्य नको. गँडाल्फ तर स्पष्टच सांगतो, की माझ्यापर्यंत पोचायची हिची वाट म्हणजे माझी करुणा. वर सांगितलेल्या त्याच पत्रात टोल्किन म्हणतो, की अंगठीधारी गँडाल्फ ती घडवणाऱ्या दुष्ट सॉरॉनहून वाईट ठरला असता. तो लोकांचं भलं करायला सुटला असता, आणि त्यापायी भलेपणाचाच लोकांना वीट आला असता. तुम्ही उद्या खुर्चीवर बसणार आहात म्हणून जरा लांबण लावलं.

प्रश्न : आपल्या स्यमंतक मण्याची गोष्ट हीच नाही का?
— एक आजोबा, चिपळूण

चतुर्थीला चुकून चंद्र दिसला की आमच्या घरीही ते आख्यान वाचत. साम्य आहेच. भागवतात मणी रोज आठ भार सोनं देतो, आणि त्याच्या वाटेवर प्रसेन मरतो, मण्याचा मालक सत्राजित मरतो, मणी पळवणारा शतधन्वा मरतो. मणी शतधन्व्याकडे मिळाला नाही तेव्हा बलरामालासुद्धा कृष्णाचा संशय आला. हा थोरल्या भावाचा संशय मला त्या गोष्टीतला सगळ्यात खरा भाग वाटतो. पण फरकही मोठा आहे. मणी अखेर अक्रूराकडे राहतो आणि गोष्ट मिटते, कारण तिथे योग्य हात सापडतो. टोल्किनच्या गोष्टीत तसा हात नाही.

अंगठी टाकायला फ्रोडो आणि मंडळी पुस्तकातल्या महाकाय गरुडांवर बसून का गेली नाहीत, असं विचारणारी तीन पत्रं आली आहेत. तिघांनाही पुढच्या अंकात उत्तर देतो.